विश्लेषण : गुरूच्या चंद्रावरील समुद्र शोधणारे रडार अंटार्क्टिकाच्या बर्फात कसे घडले?

‘नासा’चे ‘युरोपा क्लिपर’ हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी पृथ्वीवरून निघाले. सुमारे २९० कोटी किलोमीटरचा प्रवास करून ते एप्रिल २०३० मध्ये गुरू ग्रहापाशी पोहोचेल. गुरूचा चंद्र असलेल्या युरोपाभोवती बर्फाचे जाड कवच आहे. त्या कवचाच्या आत डोकावून खाली पाणी कुठे आणि किती खोल आहे, हे पाहण्याचे काम यानावरील एका रडारकडे आहे. या रडारचे प्रमुख संशोधक आहेत अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेचे डॉ. डोनाल्ड ब्लँकनशिप. बर्फाखाली काय दडले आहे हे शोधण्यात त्यांची चार दशके गेली. त्यातला बहुतेक काळ ते ज्या बर्फावर काम करत होते, तो पृथ्वीवरचाच होता. एका उपकरणामागे एवढी वर्षे का लागतात आणि त्यातून हाती काय लागते, याचा हा आढावा.

युरोपात एवढे विशेष काय?

युरोपा आपल्या चंद्रापेक्षा थोडा लहान आहे. त्याचा व्यास सुमारे ३१२० किलोमीटर. १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांनी त्याची छायाचित्रे पाठवली तेव्हा त्यावर उल्काघाती विवरे फारच कमी दिसली. याचा अर्थ पृष्ठभाग जुना नाही, तो सतत नव्याने तयार होतो आहे. पुढे १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरलेल्या ‘गॅलिलिओ’ यानाच्या चुंबकमापकाला युरोपाजवळ एक विचित्र बदल जाणवला. गुरूचे चुंबकीय क्षेत्र बदलले की युरोपाही त्याला प्रतिसाद देत होता. बर्फाखाली वीजवाहक थर असेल तरच असे घडू शकते. असा थर म्हणजे खारे पाणी, हे सर्वात सरळ स्पष्टीकरण.

गुरूच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणामुळे युरोपा सतत किंचित दाबला आणि ताणला जातो. त्यातून आत उष्णता निर्माण होते आणि पाणी गोठत नाही. अंदाज असा, की बर्फाचे कवच साधारण १५ ते २५ किलोमीटर जाड असावे आणि त्याखालच्या समुद्रात पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या दुप्पट पाणी असावे. मात्र हे सारे अप्रत्यक्ष पुराव्यांवरून बांधलेले अंदाज आहेत. कवचाच्या आतून थेट आलेला पुरावा अजून हाती नाही.

बर्फातून रडार कसे ‘पाहते’?

रेडिओ लहरींना पाणी अडवते, पण थंड आणि स्वच्छ बर्फ बऱ्याच अंशी आरपार जाऊ देतो. वरून लहर सोडली, की तिचा काही भाग पृष्ठभागावरून परत येतो आणि उरलेला आत शिरतो. वाटेत खडक, मिठाचा थर किंवा पाणी लागले, की तिथूनही थोडी लहर परतते. बर्फ आणि पाणी यांच्या विद्युत गुणधर्मांत मोठी तफावत असल्याने पाण्यावरून येणारे उत्तर विशेष ठळक असते.

बर्फात ही लहर एका मायक्रोसेकंदात साधारण १६८ मीटर जाते. म्हणजे एक किलोमीटर जाड बर्फातून खाली जाऊन परत यायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. लहर गेल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ मोजला, की खोली कळते. विमान किंवा यान पुढे सरकत असताना अशा हजारो लहरी सोडल्या, की बर्फाचा उभा छेद चित्ररूपात मिळतो.

हे तंत्र सापडले कसे?

चुकीच्या आकड्यांमधून. गेल्या शतकाच्या मध्यात ध्रुवीय प्रदेशात उडणाऱ्या विमानांचे रडार उंचीमापक बर्फावर आल्यावर भलतीच उंची दाखवत. लहर बर्फाच्या पृष्ठभागावरून न परतता आत शिरून खालून परत येत होती. वैमानिकासाठी हा धोका होता. अमेरिकी लष्करातील संशोधक अमोरी वेट यांनी मात्र त्यात बर्फाची जाडी मोजण्याची संधी पाहिली. याच काळात केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन इव्हान्स यांनी खास बर्फासाठीचे रडार घडवले.

१९७० च्या दशकात ब्रिटन, अमेरिका आणि डेन्मार्क यांच्या संयुक्त मोहिमेने अंटार्क्टिकावर हजारो किलोमीटर उड्डाणे केली. त्यांच्या नोंदींत काही ठिकाणी तळाकडून अगदी सपाट आणि चमकदार उत्तर येत होते. ती बर्फाखालची तळी होती. त्यांतील व्होस्टोक हे सर्वात मोठे. सुमारे चार किलोमीटर बर्फाखाली असलेल्या आणि जवळपास २५० किलोमीटर लांबीच्या या तळ्याचा खरा आवाका १९९६ मध्ये जगासमोर आला. आज अंटार्क्टिकाखाली अशी साडेसहाशेहून अधिक तळी माहीत आहेत. जाड बर्फाखाली, सूर्यप्रकाशापासून तुटलेले पाणी द्रवरूपात टिकू शकते, हे पृथ्वीवरच सिद्ध झाले होते.

ब्लँकनशिप या वाटेवर कसे आले?

त्यांची सुरुवात ग्रहविज्ञानातून झालेली नाही. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना ते पश्चिम अंटार्क्टिकातील वेगाने सरकणाऱ्या बर्फाच्या प्रवाहावर काम करत होते. सुमारे एक किलोमीटर जाडीचा बर्फ दरवर्षी काहीशे मीटर पुढे का सरकतो, हा प्रश्न होता. बर्फावर छोटे स्फोट घडवून, त्यांचे कंपन मोजून या गटाने उत्तर काढले. बर्फाखाली काही मीटर जाडीचा, पाण्याने पूर्ण भिजलेला गाळाचा थर होता आणि बर्फ त्यावरून घसरत होता. १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या या निष्कर्षाने हिमआवरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

त्यानंतर ते विमानांकडे वळले. एकाच विमानात रडार, चुंबकमापक, गुरुत्वमापक आणि लेझर बसवायचे आणि एकाच फेरीत सगळे मोजायचे, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली सक्रिय ज्वालामुखी असल्याचा पुरावा मांडला. पुढे थ्वेट्स हिमनदीचे हवाई सर्वेक्षण झाले. २००८ पासून पूर्व अंटार्क्टिकात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांसोबत ‘आइसकॅप’ ही मोठी मोहीम चालली. जुन्या डीसी-३ विमानाचा सांगाडा, त्याला नवी टर्बोप्रॉप इंजिने आणि पंखांखाली रडारचे अँटेना, असा त्या विमानाचा थाट.

या विमानांवरील रडार ६० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर चालत असे. युरोपासाठीच्या रडारचाही एक भाग नेमका ६० मेगाहर्ट्झवरच चालतो. अंटार्क्टिकावरची उड्डाणे पृथ्वीच्या अभ्यासासाठी होतीच. त्याच वेळी ती दुसऱ्या जगावर जाणाऱ्या उपकरणाची तालीमही होती.

यानापर्यंत पोहोचायला एवढी वर्षे का लागली?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘नासा’ने ‘युरोपा ऑर्बिटर’ ही मोहीम आखली. तिच्यासाठी बर्फभेदी रडार शक्य आहे का, हे ठरवणाऱ्या गटाचे नेतृत्व ब्लँकनशिप यांच्याकडे होते. ते शक्य आहे, असे गटाने दाखवून दिले. पण खर्च वाढत गेला आणि २००२ मध्ये मोहीमच रद्द झाली. त्यानंतर अणुऊर्जेवर चालणाऱ्या एका प्रचंड यानाची कल्पना आली. तीही २००५ मध्ये गुंडाळली गेली. पुढचा आराखडाही फार महाग असल्याचे २०११ मध्ये अमेरिकी वैज्ञानिकांच्या समितीने स्पष्ट केले.

अडचण युरोपाच्या आसपासच्या किरणोत्साराची होती. तिथे कायम फिरणाऱ्या यानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही महिन्यांत निकामी झाली असती. तोडगा असा निघाला, की यानाने गुरूभोवती लांबट कक्षेत फिरायचे, युरोपाजवळून झटकन जायचे आणि दूर जाऊन माहिती पाठवायची. अशी ४९ उड्डाणे ठरली. त्यांतले सर्वात जवळचे पृष्ठभागापासून अवघ्या २५ किलोमीटरवरून होणार आहे. मे २०१५ मध्ये या मोहिमेसाठी ‘नासा’ने नऊ उपकरणे निवडली. त्यांत ब्लँकनशिप यांचे ‘रीझन’ हे रडार होते.

पहिल्या आराखड्यापासून उड्डाणापर्यंत २५ वर्षे आणि युरोपाची पहिली माहिती येईपर्यंत ३० हून अधिक. मधल्या काळात काम थांबले नाही याचे कारण अंटार्क्टिका. अंतराळ मोहिमा रद्द होत असतानाही तिथली उड्डाणे सुरू होती. विद्यार्थी घडत होते, रडार सुधारत होते आणि नोंदी वाचण्याची पद्धत पक्की होत होती.

‘रीझन’ रडार नेमके कसे आहे?

हे रडार दोन वारंवारितांवर चालते. पहिली ९ मेगाहर्ट्झ. जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकलेल्यांना हा टापू ओळखीचा वाटेल. दुसरी ६० मेगाहर्ट्झ, म्हणजे एफएम रेडिओच्या थोडी खाली. कमी वारंवारितेची लहर खोल जाते, पण बारकावे दाखवत नाही. जास्त वारंवारितेची लहर बारकावे दाखवते, पण फार खोल जात नाही. म्हणून दोन्ही हव्यात. ९ मेगाहर्ट्झने अनुकूल परिस्थितीत ३० किलोमीटरपर्यंत पाहता येईल, तर ६० मेगाहर्ट्झने वरच्या काही किलोमीटरचा तपशील मिळेल.

अँटेनाची लांबीही यावरूनच ठरते. ९ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ मीटर आणि चांगला अँटेना साधारण तिच्या निम्म्या लांबीचा लागतो. त्यामुळे ‘क्लिपर’वर १७.६ मीटर लांबीचे दोन अँटेना आहेत. ६० मेगाहर्ट्झसाठी पावणेतीन मीटरचे चार अँटेना पुरतात. हे सगळे यानाच्या सौर पंखांवर बसवले आहेत. पंख उघडल्यावर यानाची रुंदी ३० मीटरहून जास्त होते.

असे लांब अँटेना घडी करून पाठवावे लागतात आणि त्यातच धोका असतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘ज्यूस’ यानावर ‘राइम’ नावाचे असेच ९ मेगाहर्ट्झचे रडार आहे. त्याचे नेतृत्व इटलीतील ट्रेंटो विद्यापीठाचे लोरेन्झो ब्रुझोने करतात. एप्रिल २०२३ मध्ये उड्डाण झाल्यावर त्याचा १६ मीटरचा अँटेना उघडेचना. एक छोटी खीळ अडकल्याचा संशय होता. यान हलवून, त्याची बाजू उन्हात धरून तापवून पाहिले. अखेर १२ मे रोजी एक यांत्रिक धक्का देऊन खीळ सुटली. एका इंचाहून लहान अडथळ्यामुळे दशकभराचे काम वाया जाण्याची वेळ आली होती.

मंगळाजवळ चाचणी का घ्यावी लागली?

‘रीझन’ची पूर्ण चाचणी पृथ्वीवर घेताच आली नाही. एवढे अँटेना उघडून लहर सोडायची आणि परतलेली लहर टिपायची, तर किमान ७६ मीटर लांबीची निर्जंतुक खोली लागली असती. त्यामुळे सुटे भाग तपासले गेले, पण संपूर्ण रडार एकत्र चालवून पाहिले गेले नव्हते.

संधी १ मार्च २०२५ रोजी आली. वेग आणि दिशा बदलण्यासाठी यान मंगळापासून ८८४ किलोमीटरवरून गेले. त्या वेळी रडार सुमारे ४० मिनिटे सुरू ठेवण्यात आले. मंगळाच्या पृष्ठभागावरून लहरी परत आल्या आणि ६० गिगाबाइट माहिती जमा झाली. ती तपासल्यावर रडार अपेक्षेप्रमाणे काम करत असल्याची खात्री झाली. डिसेंबर २०२६ मध्ये यान पृथ्वीजवळून जाणार आहे. त्यानंतर ते थेट गुरूकडे झेपावेल.

रडारचे उत्तर डोळे झाकून मान्य करता येईल का?

नाही. इथेच अनुभवाची किंमत कळते. युरोपावर रडारसमोर तीन मोठ्या अडचणी आहेत. पहिली, गुरू स्वतःच सुमारे ४० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींचा गोंगाट करतो, त्यामुळे ९ मेगाहर्ट्झचे क्षीण उत्तर त्यात बुडू शकते. यावरचा मार्ग म्हणजे गुरूकडे पाठ असलेल्या बाजूवर जास्त भर देणे, तिथे युरोपाच आडोसा ठरतो. दुसरी, पृष्ठभाग भेगा आणि कंगोऱ्यांनी भरलेला आहे. बाजूच्या कड्यावरून परतलेली लहर खोलातून आल्यासारखी भासू शकते. तिसरी, कवचाच्या तळाकडचा बर्फ उबदार आणि खारट असेल, तर तो लहर गिळून टाकेल. तसे झाल्यास समुद्राचा पृष्ठभाग थेट दिसणारही नाही.

मंगळाचे उदाहरण ताजे आहे. २०१८ मध्ये ‘मार्स एक्स्प्रेस’ यानावरील रडारला दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खोलीवर चमकदार उत्तर मिळाले आणि तिथे खारे तळे असल्याचा निष्कर्ष जाहीर झाला. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले, की विशिष्ट चिकणमातीही असेच उत्तर देऊ शकते. वाद अजून मिटलेला नाही. चमक दिसणे ही पहिली पायरी, ती पाण्याचीच आहे हे सांगण्यासाठी बर्फाच्या शेकडो छेदांचा अभ्यास असावा लागतो. तो अभ्यास अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवरच होऊ शकतो. शिवाय ‘क्लिपर’वरील चुंबकमापक आणि गुरुत्वाकर्षणाची मोजमापे यांच्याशी रडारचे उत्तर जुळावे लागेल.

माहिती येईल तेव्हा ती वाचणार कोण?

ब्लँकनशिप यांच्या कारकिर्दीचे सर्वात मोठे फलित कदाचित याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. २०११ मध्ये ब्रिटनी श्मिट या तेव्हा टेक्सासमध्येच काम करणाऱ्या तरुण संशोधिकेने त्यांच्यासह ‘नेचर’मध्ये एक कल्पना मांडली. युरोपावरील उद्ध्वस्त दिसणारे प्रदेश म्हणजे फक्त तीनेक किलोमीटर खोलीवर असलेल्या पाण्याच्या साठ्यांवर कोसळलेला बर्फ असावा. ही कल्पना सुचली ती आइसलँडमधील बर्फाखालचे ज्वालामुखी आणि अंटार्क्टिकात तुटणारे हिमतट यांच्या अभ्यासातून.

डस्टिन श्रोडर हे ब्लँकनशिप यांचे विद्यार्थी. त्यांनी थ्वेट्सच्या रडार नोंदींतून बर्फाखालच्या पाण्याचे जाळे ओळखून दाखवले. आज ते स्टॅनफर्डमध्ये शिकवतात आणि ‘रीझन’च्या वैज्ञानिक चमूतही आहेत. त्यांचे विद्यार्थी रायली कलबर्ग यांना ग्रीनलंडच्या नोंदींत एक जोडकंगोरा सापडला. तो युरोपावर जागोजागी दिसणाऱ्या जोडकंगोऱ्यांसारखाच होता आणि उथळ पाण्याचा साठा पुन्हा गोठल्याने तयार झाला होता. हा निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आला. ग्रीनलंडवरील ती उड्डाणे मुळात हवामान बदलाच्या अभ्यासासाठी झाली होती.

म्हणजे गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य अशी तिसरी पिढी आता या प्रश्नावर काम करते आहे. ज्या मोहिमेचे उत्तर यायला तीन दशके लागतात, ती अशाच साखळीवर चालते. मधली एक कडी तुटली तर यान पोहोचेल, पण त्याने पाठवलेली चित्रे वाचता येणारी माणसे नसतील.

ही साखळी धोक्यात आहे का?

‘क्लिपर’चा एकूण खर्च सुमारे ५.२ अब्ज डॉलर. एवढा पैसा यानावर घातल्यावर त्याच्या उत्तराची तयारी करणाऱ्या विज्ञानावर हात आखडणे शहाणपणाचे नाही. तरीही २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ‘नासा’च्या विज्ञान विभागाचा निधी जवळपास निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. ध्रुवीय संशोधनाला पैसे देणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या निधीलाही मोठी कात्री सुचवली गेली. प्रस्ताव जसेच्या तसे लागू होत नसतात. पण त्यांची नुसती चर्चाही तरुण संशोधकाला दुसरी वाट धरायला पुरेशी असते. रद्द झालेली मोहीम दहा वर्षांनी पुन्हा आखता येते. दरम्यान पांगलेला चमू मात्र सहसा पुन्हा जमत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

युरोपा दूर असला तरी हे रडार आपल्या किनाऱ्याबद्दलही बोलते. थ्वेट्स हिमनदीखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जाताना ती आणखी खोल होते, हे रडारनेच दाखवले. ती पूर्ण वितळली तर जगभर समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल. पूर्व अंटार्क्टिकातील टॉटन हिमनदीमागे अडलेला बर्फ किमान साडेतीन मीटर वाढीला पुरेसा आहे. हे घडायला किती काळ लागेल, यावर मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीचे नियोजन अवलंबून राहणार आहे.

भारताकडे या कामाचा पाया आहे. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे चालवते. ‘चांद्रयान-२’वरील दुहेरी वारंवारितेचे रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडले. ‘इस्रो’ आणि ‘नासा’चा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावला. दुसरीकडे, हिमालयातील बहुतांश हिमनद्यांची जाडी अजूनही प्रत्यक्ष मोजलेली नाही, ती गणिती प्रारूपांवरून काढली जाते. उत्तरेतील नद्यांच्या पाण्याचा हिशेब त्यावर ठरतो.

विमानातून बर्फ मोजणारे रडार, ते चालवणारे अभियंते आणि त्याच्या नोंदी वाचणारे भूवैज्ञानिक एकाच छताखाली वीस-पंचवीस वर्षे टिकवणे, हे आपल्यासाठीही अशक्य नाही. त्यासाठी मोहिमेपुरता निधी आणि मोहिमेपुरती भरती ही पद्धत मात्र सोडावी लागेल. ब्लँकनशिप यांच्या कारकिर्दीत तीन आराखडे बारगळले. त्या काळात त्यांच्या गटाला अंटार्क्टिकावर उडायला विमान मिळत राहिले, म्हणून चौथ्या आराखड्याच्या वेळी रडार तयार होते. आपल्या तरुण संशोधकांना असे विमान कोण आणि किती वर्षे देणार, हे ठरवण्यासाठी २०३० ची वाट पाहण्याची गरज नाही.